जखमेवरचा पाला

काही वर्षांपूर्वी मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही काश्मीरला गेलो होतो. गुलमर्गच्या कुरणातून जात असता आमच्या म्हाताऱ्या घोडेवाल्याचा हात लगामाच्या तुटक्या कडीने कापला. रक्ताची धार लागली. सौभाग्यवती पिशवीत मलमपट्टी शोधू लागली. पण ती सापडायच्या आत म्हाताऱ्याने वाकून पायाजवळचा मूठभर पाला खुडला, दाताखाली चावला आणि तो लगदा जखमेवर दाबून धरला. थोड्या वेळाने हात दूर केला, तो रक्त थांबलेले! आमची पट्टीही त्याने नाकारली नाही. नातवाच्या उपयोगी पडेल म्हणून ती त्याने खिशात ठेवून दिली.

मी त्या झाडाची एक डहाळी वहीत घालून घरी आणली. आमच्या कॉलेजातील वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांनी ती पाहून सांगितले, "हिला इंग्रजीत यॅरो म्हणतात. शास्त्रीय नाव अचिलिया मिलेफोलियम."

मी पडलो भाषेचा मास्तर. औषधापेक्षा नावाचाच नाद मला अधिक. 'मिलेफोलियम' म्हणजे हजार पानांची. पाने पाहिली म्हणजे हे नाव पटते. बडीशेपेच्या पाल्यासारखे इतके बारीक चिरलेले पान, की एका पानाचीच हजार पाने वाटावीत. मग मी आपला घरापुरता तिचे 'सहस्रपर्णी' असे बारसे करून मोकळा झालो. झाड हात-दीड हात उंच, वर पांढऱ्या किंवा फिकट गुलाबी बारीक फुलांचे सपाट झुबके, आणि पान चुरडले की उग्र वास. युरोपातील कुरणांतून आणि रस्त्यांच्या कडेला ती मुबलक उगवते. आपल्याकडे हिमालयात सापडते, आणि युनानी हकीम तिला 'बिरंजासिफ' म्हणून ओळखतात. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी होमिओपॅथीच्या गोळ्यांची पेटी असते. तीत 'मिलेफोलियम' लिहिलेली बाटली असली, तर ती हिच्याच नावाची.

नावाचा पहिला भाग मात्र थेट ट्रॉयच्या रणांगणावर नेतो. ग्रीकांचा महावीर अकिलीस याला खिरॉन नावाच्या गुरूने वनौषधींची विद्या शिकवली होती. होमरच्या 'इलियड'च्या अकराव्या सर्गात अकिलीसचा मित्र पॅट्रोक्लस एका घायाळ योद्ध्याच्या मांडीतला बाण काढतो आणि कडू मुळी चुरून जखमेवर लावतो. ही मुळी कोणती, ते होमर सांगत नाही. पुढच्या लोकांनी ती सहस्रपर्णीच ठरवली, आणि १७५३ साली लिनियसने वनस्पतींची नावे छापली तेव्हा अकिलीसचे नाव तिला कायमचे चिकटले. रोमन काळापासून तर तिला 'सैनिकांची वनस्पती' असेच म्हणत आले आहेत.

पण ही केवळ शिपायांची नव्हे, स्वयंपाकघराचीही मैत्रीण. सर्दी-ताप आला, की युरोपातील आज्या तिच्या फुलांचा काढा गरम गरम पाजून पांघरूण घालीत आणि घाम काढीत. आपल्याकडे गवती चहाचे आणि आल्याचे करतात तसेच. तिचा कडवट काढा भूक लागावी म्हणूनही घेत. कोवळी पाने कोशिंबिरीत पडत, आणि बिअरमध्ये हॉप्स घालण्याची चाल रूढ होण्यापूर्वी कडवटपणासाठी ही वापरीत. इंग्लंडातील खेड्यांत मुली तिचे पान नाकात फिरवीत. रक्त आले तर प्रियकराचे प्रेम खरे! चीनमध्ये तिच्याच जातकुळीतील झाडाच्या पन्नास काड्या घेऊन, एक बाजूला ठेवून, उरलेल्या एकोणपन्नासांवर भविष्य पाहण्याची प्राचीन रीत आहे. स्पेनमधील एका गुहेत सापडलेल्या, सुमारे पन्नास हजार वर्षांपूर्वीच्या निअँडरथल माणसाच्या दातांवरील किटणात यॅरो आणि कॅमोमाइल या वनस्पतींशी जुळणाऱ्या द्रव्यांच्या खुणा मिळाल्याचे संशोधकांनी २०१२ साली जाहीर केले. कडू, आणि पोट न भरणारी ही पाने त्याने का चघळली असतील? औषध म्हणूनच, असा त्यांचा तर्क.

एवढे सगळे वाचीत असता मला राहून राहून आठवत होती ती माझी आजी.

आमचे गाव वाईजवळचे. अंगणाच्या कडेला, बांधावर, दगडांच्या फटीत एक झाड हटकून असे. जमिनीसरसे पसरलेले, लवदार, खरखरीत पानांचे. आणि वर एकाच लांब दांड्यावर पिवळे फूल, त्याच्या कडेला पांढऱ्या पाकळ्या. कोणी त्याला एकदांडी म्हणते, कोणी कंबरमोडी. आम्ही म्हणायचो दगडी पाला. खेळताना गुडघा फुटला की आजी तो पाला स्वच्छ धुऊन चुरडी आणि रस जखमेवर पिळी. घोडेवाल्याने केले तेच! मौज अशी की, दगडी पाला आणि सहस्रपर्णी दोन्ही सूर्यफुलाच्या कुळातल्या, म्हणजे लांबच्या का होईना, चुलतबहिणीच.

त्याहून मोठी मौज पुढेच आहे. ज्याला आपण परंपरेने आलेला पाला म्हणतो, तो मूळचा अमेरिका खंडातील उष्ण प्रदेशाचा! चरक-सुश्रुतांनी तो पाहिला असणे शक्य नाही. म्हणजे कोण्या पोथीच्या आधाराशिवाय, आपल्याच शेतकऱ्यांनी आणि बायाबापड्यांनी हे परके तण पाहिले, लावून बघितले आणि आपलेसे केले. प्रयोगशाळेतील उंदरांवरही या पाल्याचा अर्क जखम भरून येण्यास मदत करतो, असे पुढे दिसून आले.

मग काय, जखम झाली की पाला लावावा आणि स्वस्थ बसावे? तसे मी म्हणू लागलो असतो, तर आजीनेच माझा कान धरला असता.

कारण तिचा एक नियम होता. आम्ही रडत आलो की ती पाल्याला हात लावण्याआधी विचारी, "आधी सांग, कशानं लागलं?" दगडावर खरचटले असेल तर पाला. खिळा किंवा काटा खोल रुतला असेल, तर तशीच चप्पल पायात घालून दवाखान्याची वाट. यात तिने कधी तडजोड केली नाही.

हा नियम तिने पुस्तकात वाचला नव्हता. तिचा पहिला मुलगा, माझा थोरला काका, जन्मल्यावर आठव्या दिवशी गेला. नाळ विळ्याने कापली होती आणि वर गोवरीची राख लावली होती. चालच तशी होती. बाळाचे तोंड मिटले ते उघडेना, दूध ओढता येईना. पुढे माझ्या वडिलांच्या वेळी नर्सबाईंनी तिला सांगितले, की तो धनुर्वात होता. त्याचे जंतू मातीत आणि शेणात असतात, आणि जिथे हवा पोचत नाही अशा खोल जखमेत ते वाढतात. धनुर्वाताची लस १९२४ सालीच निघाली होती. आमच्या घरापर्यंत ती वेळेवर पोचली नाही, एवढेच.

पाल्याने रक्त थांबते, धनुर्वात थांबत नाही. भारतात माता आणि नवजात बालकांच्या धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली मान्य केले. ते घडले लसीमुळे, स्वच्छ पात्यामुळे आणि सुरक्षित बाळंतपणामुळे.

सहस्रपर्णीलाही हाच न्याय. सूर्यफुलाच्या कुळातील झाडे ज्यांच्या अंगाला सोसत नाहीत त्यांना तिने पुरळ उठते. गर्भारपणी ती घेऊ नये. रक्त पातळ करणारी औषधे चालू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. आणि ज्याच्या विषाने सॉक्रेटिसचा अंत झाला ते हेमलॉकही पांढऱ्या झुबक्यांचे आणि चिरलेल्या पानांचेच असते. ओळख पटल्याशिवाय रानातले काही तोंडात घालू नये, हे बरे.

परवा कॉलेजच्या आवारात धाकटी सायकलवरून पडली. कुंपणाच्या भिंतीच्या फटीत दगडी पाला डोलत होता. माझा हात तिकडे गेला खरा. पण तोंडून आधी शब्द निघाले ते आजीचे:

"आधी सांग, कशानं लागलं?"

"तारेनं," ती म्हणाली. तार गंजलेली होती. मी जखम साबणाने धुतली आणि तिला घेऊन दवाखान्याकडे निघालो. वाटेत तिने विचारले, "बाबा, ते फूल कसलं होतं?" दवाखाना येईपर्यंत मी तिला अकिलीसची गोष्ट सांगत होतो.