गिरणगावातील विरंगुळ्याच्या जागा आणि वाङ्मयाचे रूप

लालबाग, परळ, शिवडी, लोअर परळ, वरळी या परिसराला ‘गिरणगाव’ ही संज्ञा मिळाली ती गिरण्यांमुळे. परंतु त्या संज्ञेतील ‘गाव’ हे पद आपण फारसे मनावर घेत नाही. गिरणी हे श्रमाचे स्थान होते. गाव वसले ते श्रम संपल्यानंतरच्या तासांत, आणि या तासांना ज्या जागा लाभल्या त्यांचा मराठी वाङ्मयाशी असलेला संबंध केवळ पार्श्वभूमीचा नाही, असे प्रस्तुत लेखात सुचवावयाचे आहे.

या जागांचे मूळ घराच्या अपुरेपणात आहे. सातारा-कोल्हापूरकडील वा कोकणातील कामगार बहुधा कुटुंब गावी ठेवून येई. एका खोलीत अनेकजण, तेही पाळ्यांप्रमाणे. रात्रपाळीचा माणूस परतला की दिवसपाळीवाल्याने रिकामी केलेल्या जागेवर तो पथारी टाकी. जेवण खानावळवाल्या बाईकडे. अशा खोलीत निजता येते, बसता येत नाही. म्हणून चाळीची गॅलरी, नाका, व्यायामशाळा, भजनी मंडळ आणि मैदान हेच त्याचे दिवाणखाने झाले. गणेशोत्सवात कोकणातला जाखडी नाच व शक्ती-तुऱ्याचे सामने येथे रंगत. घाटावरच्या माणसाला तमाशा हवा असे, आणि लालबागचे न्यू हनुमान थिएटर हे त्याचे हक्काचे ठिकाण होते. गावे दोन, करमणुकी दोन, पण प्रेक्षक हळूहळू एकमेकांत मिसळत गेला. ही सरमिसळ मला अतिशय महत्त्वाची वाटते.

परळचे दामोदर नाट्यगृह हे या पाठीमागील दुसऱ्या प्रेरणेचे उदाहरण. ना. म. जोशी यांनी 1911 मध्ये स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगचे हे सभागृह 1922 चे. कामगाराला दारूच्या गुत्त्याऐवजी ‘निकोप’ करमणूक द्यावी, हा सुधारकी हेतू त्यामागे होता. कामगारांनी ते स्वीकारले, मात्र आपल्या पद्धतीने: स्वतः नाटके बसवली, स्त्रीभूमिकाही केल्या. देणाऱ्याचा हेतू आणि घेणाऱ्याचा वापर यांतील हे अंतर आपल्या नाट्येतिहासांत क्वचितच नोंदले जाते. कामगार रंगभूमीला तेथे ‘हौशी’च्या प्रकरणाअखेरीस एखादा परिच्छेद मिळतो.

मैदानाचा परिणाम सर्वांत स्पष्ट दिसतो तो लोकनाट्याच्या रूपावर. अण्णाभाऊ साठे, अमर शेख व द. ना. गव्हाणकर यांचे लाल बावटा कलापथक 1944 मध्ये उभे राहिले. कामगार मैदान, नरे पार्क अशा उघड्या जागी पडदा नाही, विंगा नाहीत, आणि पाळी सुटल्यावर लोक मध्येच येऊन बसणार. अशा प्रेक्षकासमोर कथानकाची घट्ट वीण निरुपयोगी ठरते; प्रसंग सुटा हवा, विनोद लगेच कळणारा हवा, शाहिराचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा हवा. अण्णाभाऊंनी गणातील गणेशवंदनेऐवजी मातृभूमी व हुतात्मे यांना वंदन आणले. हा बदल केवळ विचारसरणीचा मानणे अपुरे आहे. समोर निरनिराळ्या जातींचे, प्रांतांचे कामगार एकत्र बसलेले असताना सर्वांना लागू पडणारे वंदन शोधावे लागले, हेही त्याचे एक कारण असावे. पदव्युत्तर वर्गात आपण ही लोकनाट्ये छापील संहिता म्हणून शिकवतो आणि मग त्यांची ‘रचना सैल’ असल्याचा शेरा मारतो! प्रस्तुत लेखकानेही कित्येक वर्षे हेच केले.

18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्यानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. फिनिक्स मिलच्या आवारात मॉल झाला. तेथेही माणसे विरंगुळ्यासाठीच येतात, परंतु तेथे प्रेक्षक जमत नाही, ग्राहक जमतो. दामोदर नाट्यगृह नोव्हेंबर 2023 मध्ये पुनर्बांधणीसाठी बंद झाले.

या संदर्भात जयंत पवार यांचे ‘अधांतर’ पुन्हा वाचावे. संपानंतरच्या गिरणगावातील हे कुटुंब खोलीतच कोंडलेले आहे. मुलगे घरी आहेत, कारण कामावर जायचे नाही; एकेकाळी जेथे नुसते निजता येई तेथे आता दिवसभर बसावे लागते. चार भिंती, एक दार, आणि दाराबाहेर नाका. मैदानावरच्या लोकनाट्याला जी बंदिस्त वीण परवडत नव्हती, ती येथे आशयाचीच गरज होऊन आली आहे.