अंगणातली रेल्वे आणि तिच्यावरची ड्युटी: ऑपरेटिंग सेशन म्हणजे काय?

हे या भागाचं लिखित रूप. लोकलच्या गर्दीत ऐकताना ज्यांच्याकडून आकडे निसटले त्यांच्यासाठी, आणि ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोपं जातं त्यांच्यासाठीही.

आजचा विषय आहे घराच्या बागेत, उघड्यावर मांडलेली मॉडेल रेल्वे आणि तिच्यावर क्लबची मंडळी जमून करतात ते 'ऑपरेटिंग सेशन'. अमेरिकेत हा छंद चांगलाच रुजलाय. सुट्टीच्या दिवशी एखाद्याच्या परसात क्लबचे लोक जमतात, कामं वाटून घेतात आणि दोन-तीन तास मालगाड्या चालवतात. कुणी ड्रायव्हर, कुणी यार्डमास्तर, कुणी कंट्रोलर. पगार शून्य आणि गुडघे मातीत.

आठवडाभर काम करून दमलेली माणसं सुट्टीच्या दिवशी आणखी एक ड्युटी का लावून घेतात? तेच आज समजून घेऊ.

आधी रुळांबद्दल

बागेतल्या रेल्वेचे रूळ बहुतेक ठिकाणी 45 मिलिमीटर रुंदीचे असतात. ही रुंदी लोकप्रिय केली जर्मनीतल्या न्यूरेंबर्गच्या लेहमान कंपनीनं, 1968 मध्ये आलेल्या 'एलजीबी' या तिच्या गाड्यांनी. मीटर गेजची खरी गाडी 22.5 पट लहान केली, की तिचे रूळ साधारण 45 मिलिमीटरचे होतात.

गंमत म्हणजे रूळ तेच ठेवून गाडीचं प्रमाण बदलता येतं. कोलोराडोच्या डोंगरातल्या तीन फुटी रेल्वेसाठी 1:20.3, मोठ्या स्टँडर्ड गेजसाठी 1:32. आपली नेरळ-माथेरानची गाडी दोन फुटी रुळांवर चालते. ती याच रुळांवर आणायची तर प्रमाण 1:13.7 धरावं लागेल. म्हणजे माथेरानची राणी शेजारच्या अमेरिकन मालगाडीपेक्षा ठसठशीत दिसेल!

फिरवणं वेगळं, चालवणं वेगळं

पुण्यात कोथरूडला जोशींचं मिनिएचर रेल्वेचं संग्रहालय आहे. तिथे आपण प्रेक्षक असतो. गाड्या धावतात, सिग्नल बदलतात, आपण बघतो. घरी गोल रुळावर गाडी सोडली तरी तसंच. तिला कुठे जायचं नसतं, ती नुसती फिरत राहते.

ऑपरेटिंग सेशनमध्ये गाडीला काम असतं. अमुक वाघीण लाकडाच्या वखारीत सोडायची, तमुक रिकामी वाघीण खाणीतून उचलायची आणि पॅसेंजर येण्याआधी मुख्य लाइन मोकळी करायची. एका गाडीवर बरेचदा दोघं असतात. एक इंजिन चालवतो आणि दुसरा असतो कंडक्टर. हा एसटीतला तिकीट फाडणारा कंडक्टर नव्हे. अमेरिकन रेल्वेत कंडक्टर म्हणजे त्या गाडीचा प्रमुख. कागदपत्रं त्याच्या हातात असतात आणि कुठली वाघीण आधी सोडायची हेही तोच ठरवतो.

प्रत्येक वाघिणीला एक कार्ड

कुठली वाघीण कुठे जाणार हे कसं ठरतं? यासाठी एक कागदी पद्धत आहे. डग स्मिथ यांनी ती 1961 मध्ये 'मॉडेल रेलरोडर' मासिकात मांडली आणि तिची सुधारलेली रूपं आजही वापरात आहेत.

प्रत्येक वाघिणीचं एक कार्ड असतं, त्यावर तिचा नंबर आणि प्रकार. कार्डाला खालच्या बाजूला खिसा. त्या खिशात मालाची एक चिठ्ठी खोचलेली. चिठ्ठीला चार बाजू, प्रत्येक बाजूवर एक मुक्काम. पहिली बाजू: रिकामी वाघीण वखारीत न्या. दुसरी: फळ्या भरून फर्निचरच्या कारखान्यात. तिसरी: रिकामी परत यार्डात. चौथीवर आणखी काही. सेशन संपलं, की यजमान मुक्कामी पोचलेल्या वाघिणींच्या चिठ्ठ्या उलटतो किंवा फिरवतो. झालं, पुढच्या वेळचं काम तयार. अ‍ॅप नाही, सर्व्हर नाही. रेल्वेची सगळी 'मेमरी' त्या कार्डांच्या गठ्ठ्यात.

सायडिंगचं कोडं

वाघीण सायडिंगला लावायची यात एवढं काय, असं वाटेल. समजा इंजिन पुढे आणि वाघिणी मागे आहेत. सांधा ओलांडून पुढे गेलात आणि गाडी मागे ढकलत वाघीण आत सोडलीत, तर काम सोपं. पण सायडिंगचं तोंड उलट बाजूला असेल तर? मग इंजिनच आधी आत शिरतं, वाघीण त्याच्या मागे. तिला आत सोडली तर इंजिन कोंडलं जाणार!

अशा वेळी इंजिनाला वाघिणीच्या दुसऱ्या बाजूला आणावं लागतं. त्यासाठी शेजारी दोन्ही टोकांना जोडलेली एक लाइन हवी. वाघीण सोडायची, त्या लाइनवरून इंजिन पलीकडे न्यायचं आणि मग मागून ढकलायचं. आता ती लाइन दुसऱ्याच गाडीनं अडवलेली असेल, तर? तर थांबायचं.

एकेरी मार्ग आणि समोरची गाडी

थांबणं म्हणजे काय, हे कोकण रेल्वेनं गावी जाणाऱ्यांना सांगायला नको. गाडी एखाद्या छोट्या स्टेशनात उभी राहते. दहा मिनिटं, वीस मिनिटं. मग समोरून एक गाडी धडधडत निघून जाते आणि आपली हलते. 'क्रॉसिंग होतं,' डब्यातलं कुणीतरी म्हणतं. मार्ग बहुतांश एकेरी असल्यामुळे समोरासमोरच्या गाड्या फक्त स्टेशनातच एकमेकींना ओलांडू शकतात.

बागेतही मुख्य लाइन सहसा एकेरीच असते. तिचा ताबा कंट्रोलरकडे, म्हणजे डिस्पॅचरकडे. काही ठिकाणी तो मुद्दाम अशा जागी बसतो, की रूळ दिसूच नयेत. समोर फक्त एक तक्ता आणि हातात वॉकी-टॉकी. तो सांगतो: 'मालगाडी, ओढा स्टेशनात बाजूच्या लाइनला लागा. पॅसेंजर गेल्याशिवाय निघू नका.' कंडक्टर हा आदेश लिहून घेतो आणि शब्दन् शब्द परत म्हणून दाखवतो. डिस्पॅचर 'बरोबर' म्हणाला तरच तो आदेश लागू.

ही पद्धत खऱ्या रेल्वेतून आलीय. 1851 मध्ये अमेरिकेतल्या ईरी रेल्वेचे अधिकारी चार्ल्स मायनट यांनी तारेनं निरोप पाठवून समोरून येणारी गाडी पुढच्या स्टेशनात थांबवली आणि आपली गाडी पुढे काढायला सांगितलं. असं सांगतात, की ड्रायव्हरनं साफ नकार दिला. तारेवरच्या टकटकीवर जीव कोण टाकणार? शेवटी मायनट यांनी स्वतःच इंजिन चालवलं.

बागेत कुणाचा जीव जात नाही. पण अनेक महिने खपून बनवलेली, काही किलो वजनाची दोन इंजिनं समोरासमोर आदळली, तर त्यांच्या मालकाचं काय होत असेल बघा. शिवाय ती बरेचदा यजमानाची असतात आणि रिमोट तुमच्या हातात असतो.

घड्याळ पळतं, गाडी नाही

1:22.5 या प्रमाणात खरा एक किलोमीटर म्हणजे बागेतले सुमारे 44 मीटर. म्हणजे मोठ्या बागेतही सगळी रेल्वे दीड-दोन किलोमीटरचीच भरते. म्हणून काही क्लब 'जलद घड्याळ' लावतात. खऱ्या एका मिनिटात त्याची चार किंवा सहा मिनिटं सरतात, आणि वेळापत्रकाला अर्थ येतो. गाडी मात्र सावकाशच चालवायची. ताशी 30 किलोमीटरची मालगाडी या प्रमाणात सेकंदाला जेमतेम 37 सेंटिमीटर सरकते. तिच्या बाजूनं चालताना पाऊल आवरतं घ्यावं लागतं.

ऊन, पान आणि खडा

घरातल्या रेल्वेला हवामान नसतं. बागेत ते रोजचंच. पितळी रूळ उन्हात वाढतात. तापमान 30 अंशांनी चढलं, तर 10 मीटर रूळ जवळजवळ 6 मिलिमीटरनं लांबतो. सांध्यांमध्ये जागा ठेवली नसेल, तर रूळ वाकतो. सांध्याच्या पात्यात एक खडा अडकला, की गाडी घसरली. पाऊस खडी वाहून नेतो आणि झाड रोज पानं टाकतं. म्हणून सेशनच्या आधी कुणीतरी ब्रश घेऊन सगळी लाइन पायी तपासतं. खऱ्या रेल्वेतल्या गँगमनचंच काम.

रुळांवर धूळ आणि गंज चढला, की वीज नीट पोचत नाही. त्यामुळे बरेच जण आता इंजिनात किंवा मागच्या डब्यात बॅटरी बसवतात आणि रेडिओ रिमोटनं गाडी चालवतात. वाघिणी सोडवायला मात्र अजूनही वाकून कपलिंगमध्ये एक बारीक काडी घालावी लागते.

मग यात मजा कसली?

मला वाटतं, मजा नेमकी त्या थांबण्यात आहे. इथे कुणी एकटा जिंकत नाही. तुम्ही घाई करून पुढे गेलात, की तिघांची कामं अडतात. तुम्ही ओढ्यापाशी निमूट उभे राहिलात, म्हणून पॅसेंजर वेळेवर पोचते, आणि तिच्या ड्रायव्हरला ते ठाऊक असतं. ऑफिसातलं काम बरेचदा कुठे जातं ते कळत नाही. इथे तुम्ही सोडलेली वाघीण डोळ्यांसमोर वखारीत उभी असते. दिलेला शब्द, परत म्हणून दाखवलेला शब्द आणि पाळलेला शब्द, एवढ्यावर सगळी रेल्वे चालते. नवखा माणूस चुकला तर कुणी ओरडत नाही. गाड्या थांबवतात, चाकं रुळावर ठेवतात, पुढे चालू.

घरी करून बघा

बाग नाही, इंजिन नाही? चालेल. ब्रिटनमधल्या अ‍ॅलन राइट यांचं 'इंगलनुक' नावाचं शंटिंगचं कोडं कागदावरही खेळता येतं. तीन सायडिंगं काढा. एकात पाच वाघिणींची जागा, उरलेल्या दोन्हींत तीन-तीन. तिन्ही एका लाइनला जोडा, जिच्यावर इंजिन आणि तीनच वाघिणी मावतात. बाटल्यांच्या आठ झाकणांवर नंबर घाला. पाच झाकणं लांब सायडिंगमध्ये ठेवा, तीन दुसऱ्यात. आता चिठ्ठ्या टाकून पाच नंबर काढा आणि त्याच क्रमानं लांब सायडिंगमध्ये गाडी जुळवा. झाकण उचलायचं नाही, फक्त ढकलायचं आणि ओढायचं. असे 6720 क्रम निघू शकतात, तेव्हा लवकर कंटाळा येणार नाही.

आणि एकट्यानं खेळू नका. एकानं पाठ फिरवून आदेश द्यायचे, दुसऱ्यानं ते मोठ्यानं परत म्हणायचे आणि मगच झाकण हलवायचं. पाच मिनिटांत कळेल, की अवघड काय आहे: झाकणं हलवणं, की एकमेकांचं नीट ऐकणं.

भेटू पुढच्या भागात. तोवर, लाइन क्लिअर!