हातांची परीक्षा

दारूचा दीर्घ सराव असलेला जो इसम जालन्याच्या रुग्णालयात दाखल होतो, तो पुष्कळदा दारूपायी आलेला नसतोच. सळयांच्या कारखान्यात त्याचा पाय मोडलेला असतो, किंवा अंबड-घनसावंगीकडून तो तापाने फणफणत आलेला असतो. दप्तरी त्याच्या नावापुढे अस्थिभंगाची वा ज्वराची नोंद होते, आणि खाटेवर पडल्यामुळे वर्षानुवर्षे न चुकलेली दारू त्याच दिवशी अकस्मात बंद झाली आहे, ही गोष्ट कागदावर कित्येकदा रुजूच होत नाही. ती दुसऱ्या दिवशी त्याचे हात सांगू लागतात. आणि ते हात वाचण्याचे काम पुरुष कक्षातील अनुभवी परिचारिका किती एकाग्रतेने करतात, हे मी जवळून पाहिले आहे.

“दादा, दोन्ही हात समोर धरा, बोटं फाकवा,” एवढेच त्या म्हणतात. मग बोटांच्या अग्रांचा कंप न्याहाळतात, तळव्याचा घाम स्वतःच्या हाताने पारखतात, आज वार कोणता, हे गाव कोणते, असे विचारतात, मळमळ, डोकेदुखी, भीती, अस्वस्थता यांचा तपशील घेतात, आणि “अंगावर मुंग्या चालायल्यात का? भिंतीवर काही दिसायलंय का?” हा प्रश्न अशा सहज स्वरात विचारतात, की उत्तर दिल्यास आपण वेडे ठरू अशी धास्ती रुग्णाला वाटू नये. अशा दहा लक्षणांना अंक देऊन त्यांची बेरीज करण्याची मोजपट्टी १९८९ मध्ये प्रसिद्ध झाली. तिची कमाल मर्यादा ६७ असून, बेरीज चढेल त्या मानाने औषधाची मात्रा ठरते.

या कंपाचे मूळ मेंदूतील दोन अमिनो आम्लांच्या व्यवहारात आहे. ग्लुटामेट मज्जापेशींना उद्दीपित करते आणि गाबा त्यांना शांत करतो. आणि आश्चर्य असे, की शांत करणारा हा गाबा उद्दीपक ग्लुटामेटपासूनच जन्म घेतो. मेंदूतील एक विकर ब-६ जीवनसत्त्वाच्या साहाय्याने ग्लुटामेटमधून कार्बन डायऑक्साइड काढून टाकते, आणि मागे उरतो तो गाबा. मेंदूतील त्याचे अस्तित्व १९५० मध्ये यूजीन रॉबर्ट्स यांनी प्रसिद्ध केले. दारू गाबाच्या ग्राहकांचा, म्हणजे मज्जापेशींवरील त्याच्या ग्रहणस्थानांचा, प्रभाव वाढवते आणि ग्लुटामेटच्या ग्राहकांना दडपते, म्हणून पिणाऱ्यास प्रथम निवांत वाटते. परंतु प्रत्यही दडपणाखाली असलेला मेंदू हळूहळू ग्लुटामेटचे ग्राहक वाढवतो, गाबाचे ग्राहक मंद करतो, आणि दारूचा अंमल गृहीत धरूनच आपला समतोल राखू लागतो. भरल्या मोटेच्या ओढीविरुद्ध सारे बळ लावून बैल धावेवरून उतरत असताना नाडा तुटावा आणि त्याच बळाने ते पुढे कोसळावेत, तशी मग दारू एकाएकी तुटल्यावर मेंदूची गत होते. सहा ते आठ तासांत हात कापू लागतात. १२ ते ४८ तासांच्या दरम्यान फेफरे येऊ शकते. आणि काही जणांना तिसऱ्या दिवसाच्या सुमारास ताप, धावती नाडी व भ्रम यांनी युक्त अशी अवस्था येते, जी उपचारावाचून प्राणघातक ठरू शकते.

तथापि पुढे केलेला प्रत्येक हात एकच हकिकत सांगत नाही. मनगटे वर उचलून धरावयास सांगितल्यावर काहींचा पंजा सूक्ष्म कंप न पावता, मधूनच सुटल्यासारखा खाली पडतो आणि पुन्हा सावरतो. हे लक्षण दिसताच परिचारिका डॉक्टरांना तत्काळ बोलावतात. येथे बिघाड यकृताचा असतो. प्रथिनांच्या विघटनातून निघणाऱ्या अमोनियाचे निरोगी यकृत युरियात रूपांतर करते. दारूने निबर झालेल्या यकृताकडून ते होत नाही, आणि अमोनिया मेंदूत पोहोचतो. मेंदूला युरिया करता येत नाही. तेथील तारकापेशी ग्लुटामेटला अमोनिया जोडून ग्लुटामाइन तयार करतात. वापरलेले ग्लुटामेट उचलून मज्जापेशींकडे परत धाडण्याचा त्यांचा नित्याचा मार्गही हाच. परंतु अमोनिया फाजील झाला की ग्लुटामाइन साचते, तारकापेशी सुजतात आणि रुग्ण गुंगीत जातो. पहिल्या रुग्णाला क्लोरडायझेपॉक्साइडसारखे शामक औषध, जे मंदावलेल्या गाबाला बळ देते, जीवदान ठरते. दुसऱ्याची गुंगी तेच औषध अधिक गडद करील, आणि त्याला आतड्यातील अमोनिया बाहेर टाकणारे लॅक्टुलोज द्यावे लागते. दोन्ही विकार एकाच देहात आढळले, तर दुबळ्या यकृतालाही सोसणारे लोराझेपाम अल्प मात्रेत, डोळ्यांत तेल घालून द्यावे लागते.

साखरयुक्त सलाइन लावण्यापूर्वी ब-१ जीवनसत्त्वाचे इंजेक्शन देण्याचा दंडकही याच व्यवहाराशी निगडित आहे. साखर आणि ग्लुटामेट या दोहोंच्या ज्वलनास ज्या विकरांची गरज असते, ती ब-१ वाचून पंगू होतात. दारूने उपाशी राहिलेल्या देहात तो साठा आधीच सरलेला असतो, आणि वर साखरेचा भार पडला, तर डोळ्यांची हालचाल, तोल आणि शुद्ध यांवर आघात करणारा, १८८१ मध्ये वेर्निके यांनी वर्णिलेला विकार उद्भवू शकतो.

“दारू सुटली अन् येडच लागलं बघा,” असे खाटेपाशी बसलेली बायको म्हणते, तेव्हा तिचे निरीक्षण अचूक असते. फक्त कारण तिला कोणी सांगितलेले नसते. म्हणून कोणी बाहेरची बाधा समजून शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातील सैलानीच्या दर्ग्याला नेण्याचा विचार करतो, तर कोणी थरथर थांबावी म्हणून चोरून घोटभर पाजतो. पहिल्यात उपचाराचा मोलाचा वेळ जातो, दुसऱ्यात तेच चक्र पुन्हा सुरू होते. शेवटची दारू केव्हा घेतली, हे दाखल करतानाच निःसंकोच सांगितले, तर यातील पुष्कळसे टळेल.

आपल्याकडे दारू सोडणारा माणूस पंढरीची माळ घालतो, आणि त्या निश्चयाविषयी मला मनःपूर्वक आदर आहे. परंतु निश्चय आज झाला, तरी वर्षानुवर्षे बदललेले ग्राहक त्याच दिवशी पूर्ववत होत नाहीत. थरथरणारा हात हा त्या माणसाच्या सत्त्वाचा पराभव नव्हे, तर वैद्यकीय साहाय्याची निकड आहे. यासाठी रोज पिणाऱ्याने माळ घालण्यापूर्वी डॉक्टरांची गाठ घ्यावी, पहिले काही दिवस त्यांच्या देखरेखीखाली काढावेत, आणि घरच्यांनी त्याची थट्टा न करता त्याच्यासोबत जावे.