अंगावरून वारं गेलेल्यांची मोजणी

मराठवाड्याच्या खेड्यात एखाद्याला पक्षाघात झाला असे सहसा कोणी म्हणत नाही. 'अंगावरून वारं गेलं' असे म्हणतात. जुन्या वैद्यकातला 'अर्धांगवायू'सुद्धा वाऱ्याचाच. शब्द नुसता नाव देत नाही, तो इलाजही सुचवतो. वारे बाहेरून आले आणि अंगाच्या एका बाजूला लागले, तर इलाजही त्या बाजूवरच होणार. मग लुळ्या हाताला तेल चोळले जाते, शेक दिला जातो, कोणी कबुतराचे रक्त लावायला सांगतो, कोणी तालुक्यापलीकडच्या एखाद्या गावातल्या औषधाचा पत्ता देतो. बिघाड मात्र हातात नसतोच. उजवा हात पडला असेल तर तो बहुतेक वेळा मेंदूच्या डाव्या भागात असतो.

तिथे दोनपैकी एक गोष्ट घडलेली असते. मेंदूला रक्त नेणारी नळी गुठळीने बंद होते किंवा ती फुटून रक्तस्राव होतो. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात: तोंड वाकडे, बोलणे अडखळलेले, एक बाजू गळालेली. उपचार मात्र एकमेकांच्या उलट. गुठळी असेल तर ती विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. तेच रक्तस्रावात दिले तर जीव जाऊ शकतो. कोणता प्रकार आहे हे नाडीवरून किंवा अनुभवावरून ठरत नाही, सीटी स्कॅन लागतो. म्हणजे सगळा प्रश्न अंतराचा आणि घड्याळाचा होऊन बसतो.

खेड्यांत या आजाराने किती माणसे जातात, हे सांगणे फार अवघड होते. मेंदूविकारांवरचे आपल्याकडचे पुष्कळ संशोधन मोठ्या रुग्णालयांच्या नोंदींवर उभे आहे, आणि रुग्णालयात त्याचीच नोंद होते जो तिथवर पोहोचतो. बाकीच्यांसाठी वर्तमानपत्रात एक ओळ असते, 'अल्पशा आजाराने निधन', आणि ग्रामपंचायतीच्या दप्तरात 'वृद्धापकाळ'. किल्लारीच्या 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपात हजारो माणसे एका पहाटे गेली. त्यांची मोजणी झाली. घराघरांतून एकेक करून जाणारे मोजायला वेगळी व्यवस्था लागते.

अशी व्यवस्था महाराष्ट्रात गडचिरोलीत होती. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 मध्ये स्थापन केलेली 'सर्च' ही संस्था तिथल्या गावांतल्या जन्ममृत्यूंची स्वतंत्र नोंद ठेवत आली आहे. अमेरिकेत प्रशिक्षण घेऊन परतलेले मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. योगेश्वर कालकोंडे यांनी या नोंदीचा उपयोग करून घेतला. त्यांचा आणि सहकाऱ्यांचा निबंध 2015 मध्ये 'स्ट्रोक' या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात आला. त्याचे शीर्षकच निष्कर्ष सांगते: ग्रामीण गडचिरोलीत मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण पक्षाघात.

पद्धत साधी आणि कष्टाची. 86 गावे, 94,154 लोकसंख्या, दोन वर्षे. या काळात 1,599 मृत्यू झाले. प्रत्येक घरी प्रशिक्षित माणूस गेला आणि शेवटच्या आजाराची हकीकत विचारून घेतली: काय झाले, अचानक झाले की हळूहळू, कोणती बाजू गेली, बोलता येत होते का. याला 'मौखिक शवचिकित्सा' म्हणतात. नाव भयंकर आहे, काम दुःखातल्या माणसाजवळ बसून ऐकण्याचे. ती हकीकत वाचून डॉक्टरांनी कारण ठरवले. पुष्कळ आजारांच्या बाबतीत असे कारण डळमळीत राहते. पण जेवता जेवता हातातला घास गळून पडला, ही गोष्ट घरातले कोणी विसरत नाही. गुठळी होती की रक्तस्राव, हे मात्र या पद्धतीने कळत नाही.

1,599 पैकी 229 मृत्यू, म्हणजे 14.3 टक्के, पक्षाघाताचे निघाले. मरणाऱ्यांचे सरासरी वय साडेसदुसष्टच्या आसपास. मला मात्र दुसरा आकडा जास्त बोलका वाटतो: या मृत्यूंपैकी 87.3 टक्के घरी झाले.

शेजारी मुंबईचा अभ्यास ठेवून पाहा. डॉ. प्रफुल्ल दलाल आणि सहकाऱ्यांनी 2005 आणि 2006 या दोन वर्षांत मुंबईच्या एका भागातल्या दीड लाखाहून अधिक प्रौढांमध्ये पहिल्यांदाच झालेले पक्षाघात नोंदवले. 456 सापडले, आणि त्यातल्या दहापैकी जवळजवळ नऊ जणांचा सीटी स्कॅन झालेला होता. म्हणून मुंबईबद्दल आपण म्हणू शकतो की सुमारे 80 टक्के गुठळीचे, 18 टक्क्यांच्या आसपास रक्तस्रावाचे. दोन्ही अभ्यासांची मोजपट्टी वेगळी आहे, एकीकडे रुग्ण आणि दुसरीकडे मृत्यू. त्यामुळे टक्क्याला टक्का भिडवता येणार नाही. पण एका राज्यात दहातले नऊ यंत्रापर्यंत पोहोचतात आणि दहातले जवळपास नऊ घरच्या खाटेवर जातात, हे दोन्ही एकाच दशकभरातले आहे.

गडचिरोलीच्या आकड्यांत आणखी एक गोष्ट दडलेली आहे. 46.3 टक्के मृत्यू आजार सुरू झाल्यापासून पहिल्या महिन्यात झाले. उरलेले निम्म्याहून अधिक त्यानंतर गेले. म्हणजे महिना, सहा महिने, कधी वर्षानुवर्षे कोणीतरी त्यांना कुशीवर वळवत होते, भरवत होते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला पाठीला जखमा होतात, घास श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो. ही सेवा बहुधा सुनेकडे किंवा बायकोकडे येते आणि तिची मजुरी बुडते, याची कुठल्याच दप्तरात नोंद नाही.

गडचिरोलीचा टक्का उचलून नांदेड-लातूरला लावणे चूक ठरेल. जंगल वेगळे, आहार वेगळा, रस्ते वेगळे. प्रश्न मात्र तसाच लागू पडतो. नांदेडला विष्णुपुरीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, लातूरलाही आहे. पण किनवटहून विष्णुपुरी शंभर किलोमीटरहून दूर. पहाटे उठल्यावर हात हलत नाही असे लक्षात आले, तर आजार नक्की कधी सुरू झाला हेच कोणाला माहीत नसते. मग गाडी शोधायची, पैसे जमवायचे, आणि 'आधी चोळून पाहू' म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांचे मन वळवायचे. साडेचार तास यात सहज जातात.

म्हणून गडचिरोलीतल्या संशोधकांनी पुढे इंजेक्शनापेक्षा आधीच्या पायरीकडे लक्ष दिले, हे मला शहाणपणाचे वाटते. पक्षाघातामागचे सर्वांत मोठे कारण वाढलेला रक्तदाब, आणि तो दुखत नाही. दुखत नाही म्हणून कोणी मोजत नाही. मोजला आणि गोळी सुरू झाली, तरी बरे वाटतेय म्हणून महिन्याभरात बंद होते. 'एकदा गोळी लागली की सवय लागते' ही समजूत तर शिकलेल्या घरांतही आहे. सोबतीला तंबाखू, मिश्री आणि मिठाचा हात. 'सर्च'ने गावांचे दोन गट पाडून एका गटात गावातल्याच आरोग्यसेवकांना घरोघर रक्तदाब तपासायला शिकवले. पक्षाघात होऊन वाचलेल्यांकडेही तेच जात, कारण दुसरा झटका येण्याचा धोका त्यांनाच सर्वाधिक. गोळ्यांसाठी डॉक्टरांचे फिरते पथक गावात येई, म्हणजे रक्तदाबाच्या गोळीपायी कोणाची एक दिवसाची मजुरी बुडू नये.