अचूकपणाची मर्यादा

गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ होणाऱ्या या व्याख्यानासाठी मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने यंत्रांच्या मापांचा विषय निवडावा, याचे आपणांस नवल वाटेल. परंतु या विषयाचा पहिला पाठ मला हाटपिपल्याच्या याच शाळेत मिळाला. गुरुजींनी आम्हांस बाकाची लांबी मोजावयास सांगितली होती. मी ‘बरोबर चार फूट’ असे उत्तर दिले. गुरुजींनी विचारले, ‘‘यात चूक किती असू शकेल?’’ मला सांगता आले नाही.

त्या प्रश्नाचे मोल पुढे फार वर्षांनी कळले. आमच्या विहिरीवरील पंपाचा शाफ्ट झिजला, म्हणून धाकट्या भावाने ओळखीच्या कारागिराकडून लेथवर नवा करून घेतला. आठ दिवसांत पंप घरघरू लागला, बेअरिंग निकामी झाले आणि ऐन दाणा भरण्याच्या वेळी गव्हाला पाणी मिळाले नाही. भावाने कारागिराला लबाड ठरविले. कारागीर शपथेवर सांगत होता, ‘‘माप २५ मिलिमीटरच आहे.’’ वर्षानुवर्षांचा स्नेह तुटला.

माझा एक जुना विद्यार्थी देवासच्या कारखान्यात आहे. त्याने मायक्रोमीटरने शाफ्ट मोजला. तो २४.९८ भरला. कारागीर खोटे बोलत नव्हता. त्याच्या व्हर्निअरवर इतका बारीक फरक खात्रीने कळतच नव्हता.

कोणतेही यंत्र नेमके २५ मिलिमीटर माप पुनःपुन्हा देऊ शकत नाही. हत्यार झिजते, धातू तापून प्रसरण पावतो. म्हणून रेखाटनावर मापाच्या दोन सीमा लिहितात. त्यांतील अंतरास कारखान्यात ‘टॉलरन्स’ म्हणतात. मी त्यास ‘सह्य तफावत’ म्हणेन. २५ मिलिमीटरच्या सामान्य बॉल बेअरिंगचे भोक २४.९९० ते २५.००० या दरम्यान असते. त्यात घट्ट बसणाऱ्या शाफ्टसाठी २५.००२ ते २५.०११ अशा सीमा देतात. शाफ्ट भोकाहून किंचित मोठा असतो, म्हणूनच बेअरिंगची आतली कडी त्याला पकडून फिरते. तो लहान झाला, की कडी त्यावर घसरते आणि दोन्ही झिजतात. येथे सह्य तफावत केवळ ९ मायक्रॉन आहे. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे मायक्रॉन. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो.

माप साधले तरी पृष्ठभागाचा प्रश्न उरतो. विद्यार्थ्याने माझे नख शाफ्टवरून फिरविले, तेव्हा हत्याराच्या रेघा जाणवल्या. मायक्रोमीटर त्या रेघांचे उंचवटे मोजतो. बेअरिंग दाबून बसविताना ते चपटे होतात आणि मोजलेला घट्टपणा नाहीसा होतो. म्हणून अशी जागा ग्राइंडिंग करून गुळगुळीत करतात. मात्र गुळगुळीतपणालाही सीमा आहे. डिझेल इंजिनाच्या सिलिंडरमध्ये मुद्दाम तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा ठेवतात. त्यांत तेल टिकते.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडीस लोखंडी नांगरांचा कारखाना उभारला. त्याच कारखान्यातून १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ निघाले, ते पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक म्हणून मराठी घरांत पोहोचले. त्या घराण्याचे पंप पुढे आपल्या देवासलाही तयार होऊ लागले. असा पंप दूरच्या खेड्यात बिघडला, तर नवा भाग कानस न लावता बसला पाहिजे. तो बनविणारा आणि बसविणारा एकमेकांना कधी भेटत नाहीत. दोघांमधला करार म्हणजे त्या लिहिलेल्या सीमा. गरज नसताना त्या आवळल्या, तर खर्च व्यर्थ वाढतो. पंपाच्या बैठकीस शाफ्टची सूक्ष्मता नको.

आमच्या घरी हा करार झालाच नव्हता. भावाने ‘२५’ सांगितले, कारागिराने ‘२५’ दिले. हे उमगल्यावर भाऊ स्वतः कारागिराच्या दारी गेला. दुसरा शाफ्ट दोन्ही सीमा कागदावर लिहून, ग्राइंडिंगची सोय असलेल्या ठिकाणी करविला. तो बसवायला तोच कारागीर आला.

विद्यार्थी मित्रहो, चूक टाळण्याचा यत्न अवश्य करा. परंतु किती चूक चालेल, हे काम सुरू होण्यापूर्वी विचारा आणि लिहून ठेवा. गुरुजींनी मला तेच विचारले होते.