घास हातात राहावा म्हणून

सकाळी 8:30
टबांत साधं पाणी भरते. गरम पाणी इथे वर्ज्य, कारण कुष्ठरोगाने बधिर झालेल्या हाताला चटका कळत नाही. जुने रुग्ण वीस मिनिटं हात भिजवतात, मग ओलसर असतानाच खोबरेल तेल लावतात.

9:30
नवा रुग्ण, गवंडी. कुष्ठरोगाच्या गोळ्या सुरू आहेत. "करंगळी बाहेर न्या." मी बोटाने आत लोटते, ती लगेच ढळते. अंगठा मात्र आभाळाकडे ताठ राहतो. म्हणजे मीडियन नस शाबूत आहे, कोपरामागून येणारी अल्नर दुखावली आहे. "कधीपासून?" "दोन महिने झाले जी." मला हायसं वाटतं. सहा महिन्यांच्या आत प्रेडनिसोलोन सुरू झालं, तर नस सावरण्याची आशा असते. लगेच डॉक्टरांकडे पाठवते.

11:00
तो परत येतो, तेव्हा त्याला माझाच हात दाखवते. बोटांत स्नायू नसतात. मुठीचं बळ कोपराखालच्या मोठ्या स्नायूंचं, ते कंडरांच्या दोऱ्यांनी बोटांपर्यंत पोचतं. त्या बळाला वळण लावतात तळव्यातले वीसेक लहान स्नायू. त्यांतले चार लम्ब्रिकल हाडाला चिकटतच नाहीत. बोट वाकवणाऱ्या कंडरेवर उगवतात आणि सरळ करणाऱ्या कंडरेला मिळतात. शेजारच्या इंटरॉसियस स्नायूंसोबत ते बोट मुळाशी वाकवतात, पुढे सरळ ठेवतात. ते लुळे पडले की बोट मुळाशी उताणं आणि पुढे आकडा होतं.

दुपारी 1:00
व्हरांड्यात डबे उघडतात. घास करताना बोटं मुळाशी वाकतात, टोकं जुळतात, अंगठा समोर येतो. आकडा झालेल्या बोटांतून भात गळतो. एक काका भिंतीकडे तोंड करून जेवतात.

2:30
एका मावशींचं प्लास्टर तीन आठवड्यांनी निघालं आहे. शस्त्रक्रियेत मधल्या बोटाची एक कंडरा चिरून तिच्या चार शेपट्या चार बोटांना जोडल्या आहेत. अशा हातांवर कंडरा बदलण्याच्या शस्त्रक्रिया पॉल ब्रँड यांनी 1940च्या दशकाच्या अखेरीस वेल्लोरला सुरू केल्या. कंडरेची जागा बदलली, पण मेंदूला ते अजून शिकायचं आहे. "मधलं बोट वाकवायचं मनात आणा," मी सांगते. तिसऱ्यांदा चारही बोटं मुळाशी वाकतात, पुढे सरळ राहतात. मावशी हाताकडे बघतच राहतात.

संध्याकाळी 4:30
गवंड्याला बोटांची पट्टी बांधून देते. करंगळी रोज तपासायला शिकवते, पुढची तारीख देते. मावशींसाठी मळलेल्या कणकेचा गोळा काढून ठेवते. उद्यापासून त्यावर घास करायचा सराव.