‘थांबा’ म्हटले तरी आलेख थांबेना!

संगणकाला मायक्रोफोन जोडून आवाजाचा आलेख पडद्यावर सरकताना पाहणे मोठे मौजेचे असते. पण कधीकधी आलेख रेंगाळतो आणि ‘थांबा’ हे बटण दाबूनही काही घडत नाही. संगणक बिघडला काय? मुळीच नाही!

बटणाचा संदेश आणि आलेख काढण्याचा हुकूम हे एकाच रांगेत उभे असतात. समजा, आलेख एकदा काढण्यास ४० मिलिसेकंद लागतात आणि नवा हुकूम दर १० मिलिसेकंदांनी येतो. १० सेकंदांत १,००० हुकूम येतील, पुरे होतील २५०. उरलेल्या ७५० हुकुमांना ३० सेकंद हवेत. म्हणजे आता दाबलेल्या बटणाचा नंबर अर्ध्या मिनिटाने! रुग्णाच्या हृदयाचे ठोके दाखवणाऱ्या यंत्रात असे झाले तर?

आवाजाची मापे सेकंदाला ४४,१०० घेतली, तरी पडदा बहुधा ६० वेळाच ताजा होतो. म्हणून मापे गोळा करण्याचे काम वेगळ्या ‘थ्रेड’कडे, म्हणजे कामाच्या स्वतंत्र धाग्याकडे सोपवावे व दर खेपेस जमलेली ७३५ मापे एकदम घ्यावीत.

आता १० सेकंदांचा आलेख घ्या. मापे ४,४१,०००, पडद्याच्या रुंदीत ठिपके मात्र १,९२०. एका ठिपक्याच्या वाट्याला सुमारे २३० मापे येतात. त्यांची सरासरी काढण्याचा मोह होतो. तो टाळलेला बरा. कंपनांची धन व ऋण मापे एकमेकांना खाऊन टाकतात आणि टाळीचा उंचवटाच नाहीसा होतो. त्याऐवजी सर्वांत मोठ्या मापापासून सर्वांत लहान मापापर्यंत उभी रेघ ओढावी.

एवढे करूनही रेखाटन १६ मिलिसेकंदांत उरकले नाही, तर पुढची खेप खुशाल गाळावी. मापे दुसरीकडे जमा होतच असतात.